खासगी विधेयक शुक्रवारच्या चर्चेपर्यंत कसं न्यायचं: खासदारांच्या कार्यालयात नव्याने आलेल्यांसाठी

संसदेत मंत्री नसलेला प्रत्येक सदस्य खासगी सदस्य मानला जातो, मग तो सत्ताधारी बाकावरचा असो की विरोधी. त्याने आणलेलं विधेयक ते खासगी विधेयक. महाराष्ट्राच्या विधानमंडळात यालाच अशासकीय विधेयक म्हणतात. दर अधिवेशनात अशी कितीतरी विधेयकं मांडली जातात, मतदारसंघातल्या वर्तमानपत्रात फोटोसह बातमी येते आणि बहुतेकांवर सभागृहात एक शब्दही बोलला जात नाही. नव्याने काम करणारे समजतात की विषय मोठा असला की चर्चा आपोआप होईल. तसं होत नाही. चर्चेचा क्रम चिठ्ठ्या काढून ठरतो, त्या सोडतीच्या दिवशी विधेयक पात्र हवं आणि आपली पाळी येईल त्या क्षणी सदस्य जागेवर हवा. कार्यालयाची सगळी मेहनत या दोन गोष्टींसाठी असते.

आधी वेळेचा हिशेब

लोकसभेच्या कार्यपद्धती नियमांतल्या नियम २६ नुसार शुक्रवारच्या बैठकीचे शेवटचे अडीच तास खासगी सदस्यांच्या कामकाजासाठी राखीव असतात. सर्वसाधारणपणे दुपारी साडेतीन ते सहा. राज्यसभेतही शुक्रवारचे अडीच तासच, तिथे सहसा अडीच ते पाच. एका शुक्रवारी विधेयकं आणि पुढच्या शुक्रवारी ठराव, अशी आलटूनपालटून पाळी चालते.

आता चार आठवड्यांचं अधिवेशन धरा. चार शुक्रवार, त्यातले विधेयकांचे दोन, म्हणजे एकूण पाच तास. एका विधेयकाला दोन तास दिले तरी पूर्ण अधिवेशनात फार तर दोन विधेयकं हातावेगळी होतात. प्रत्यक्षात एकच विधेयक अनेक अधिवेशनं चालू राहतं, कारण बोलणारे वाढले की सभागृह त्याची वेळ वाढवून देतं. सक्तीच्या मतदानावरचं २०१९ मधलं खासगी विधेयक लोकसभेत २०२२ पर्यंत रेंगाळलं आणि शेवटी मागे घेतलं गेलं. त्यात शुक्रवारी सुट्टी आली, गोंधळात बैठक तहकूब झाली किंवा अधिवेशन गुरुवारीच गुंडाळलं तर तेवढे तास बुडाले. शुक्रवारी बैठकच नसेल तर अध्यक्ष सभागृह नेत्यांशी विचारविनिमय करून दुसरा दिवस देऊ शकतात, पण त्या भरवशावर आखणी करू नये.

म्हणून विधेयकांची संख्या वाढवण्यात शहाणपण नाही. एका अधिवेशनात एका सदस्याने किती विधेयकं द्यायची यावर दोन्ही सभागृहांत मर्यादा आहे, चालू आकडा त्या त्या सभागृहाच्या बुलेटिनच्या (सदस्यांसाठीच्या सूचनापत्राच्या) दुसऱ्या भागात मिळतो. मर्यादेत बसतात म्हणून सगळी भरून टाकण्यापेक्षा एकच विधेयक नीट तयार करावं.

नोटीस: तारखा उलट्या मोजा

विधेयक मांडण्याची परवानगी मागण्यासाठी एक महिना आधी लेखी नोटीस द्यावी लागते. लोकसभेत हा नियम ६५ आहे. अध्यक्ष कमी मुदतीची नोटीस स्वीकारू शकतात, पण ती सवलत आहे, हक्क नाही.

नवी माणसं इथेच फसतात. अधिवेशनाचं समन्स हातात पडतं साधारण पंधरा दिवस आधी. ते आल्यावर मसुदा लिहायला बसलं तर महिन्याची मुदत आधीच हुकलेली असते. पावसाळी अधिवेशन बहुधा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं, म्हणून नोटीस जूनच्या पहिल्या पंधरवड्यात सचिवालयात पोचलेली हवी. हिवाळी अधिवेशनासाठी ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत आणि अर्थसंकल्पी अधिवेशनासाठी डिसेंबरच्या मध्यापर्यंत.

दिलासा देणारी एक तरतूद आहे. सत्रसमाप्ती, म्हणजे अधिवेशनाचा औपचारिक शेवट, झाली की लोकसभेतल्या बाकीच्या प्रलंबित नोटिसा रद्द होतात, पण विधेयक मांडण्याच्या परवानगीची नोटीस रद्द होत नाही. त्यामुळे चालू अधिवेशनात पुढच्या अधिवेशनाची नोटीस देऊन ठेवता येते. मुरलेल्या कार्यालयांत हाच रिवाज असतो.

नोटिशीसोबत विधेयकाची प्रत आणि उद्देश व कारणे यांचे निवेदन जोडायचं. निवेदनात वाद घालायचा नसतो. अमुक सरकारने काय केलं नाही, हे तिथे लिहिलं तर सचिवालय ते काढायला लावतं. विषय काय, सध्याच्या कायद्यात कुठे उणीव आहे आणि विधेयक ती कशी भरतं, हे पानभरात मावलं पाहिजे. मसुद्याच्या तांत्रिक बाबींत सचिवालयाची विधेयकांची शाखा मदत करते. नोटीस देण्याआधी तिथे जाऊन बसा, दहा फेऱ्या वाचतील.

मसुद्यात विधेयक कुठे अडकतं

पहिलं पाहायचं ते संसदेला अधिकार आहे का. पोलीस, सार्वजनिक आरोग्य, शेती हे राज्यसूचीतले विषय. मतदारसंघातून येणाऱ्या तक्रारी नेमक्या यांवरच जास्त असतात. अशा विषयावर संसदेत विधेयक आणलं तर मांडतानाच अधिकाराचा आक्षेप येऊ शकतो.

दुसरं, ज्या कायद्यात दुरुस्ती करायची तो अस्तित्वात आहे का. हास्यास्पद वाटेल, पण जुन्या विधेयकावरून मसुदा उतरवला की हमखास घडतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदाही बदलले. जुन्या कलमांना हात घालणारा मसुदा आता निरर्थक आहे. तसंच तेच विधेयक दुसऱ्या कुणाचं आधीच प्रलंबित नाही ना, हे तपासा. हुबेहूब सारखं विधेयक नाकारता येतं.

तिसरी अडचण सगळ्यांत मोठी, ती पैशाची. संविधानाच्या अनुच्छेद ११७(३) प्रमाणे ज्या विधेयकामुळे भारताच्या एकत्रित निधीतून (केंद्राच्या मुख्य तिजोरीतून) खर्च होणार असेल, ते राष्ट्रपतींनी विचारार्थ शिफारस केल्याशिवाय कोणत्याही सभागृहाला संमत करता येत नाही. असं विधेयक मांडता येतं, म्हणून कार्यालय निर्धास्त राहतं. पण शिफारस नसली की पुढे विचारात घेण्याच्या टप्प्यावर ते थांबतं. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, त्यामुळे शिफारशीचा निर्णय प्रत्यक्षात संबंधित मंत्रालयाकडे असतो आणि तो मंत्र्यांच्या पत्राने महासचिवांना कळवला जातो. खासगी विधेयकाचं भवितव्य अशा रीतीने सरकारच्या टेबलावर अवलंबून राहावं, हे संसदेच्या हिताचं नाही असं आमचं स्पष्ट मत आहे. पण नियम आज असा आहे आणि त्याच्यासाठी तयारी करावीच लागते.

तयारी म्हणजे काय, ते एका कलमावर पाहू. मसुद्यात खंड ३ असा आहे: ‘केंद्र सरकार, अधिसूचनेद्वारे, एक राष्ट्रीय प्राधिकरण स्थापन करील, त्याचे मुख्यालय दिल्ली येथे असेल आणि त्याला आवश्यक तो कर्मचारीवर्ग पुरवील.’ या एका वाक्यात अध्यक्षांचा पगार आला, इमारत आली, कर्मचारी आले. म्हणजे अनुच्छेद ११७(३) लागू झाला. नियम ६९ प्रमाणे वित्तीय ज्ञापन जोडणं आलं, त्यात दरवर्षीचा आवर्ती खर्च किती आणि एकदाच होणारा अनावर्ती खर्च किती याचा अंदाज आला, आणि खर्चाचे खंड विधेयकात ठळक किंवा तिरप्या अक्षरांत छापणंही आलं. आता तोच हेतू ठेवून खंड असा लिहा, की अमुक कायद्याखाली आधीपासून नेमलेले निरीक्षक या तरतुदींची अंमलबजावणी करतील आणि जबाबदारी मालकावर राहील. नवं प्राधिकरण गेलं, खर्चाचा मुद्दा बराच हलका झाला. नव्या मसुदाकारांना आयोग, मंडळ आणि निधी यांची फार ओढ असते. प्रत्येक आयोगापुढे स्वतःला विचारा, याच्याशिवाय विधेयक उभं राहतं का? राहत असेल तर तो खोडा. राहत नसेल, तर मांडल्याच्या दुसऱ्या दिवसापासून शिफारशीचा पाठपुरावा सुरू करा आणि प्रत्येक पत्राची पोच जपून ठेवा.

कराशी संबंधित आणि अनुच्छेद ११७(१) मध्ये येणाऱ्या विधेयकांना तर मांडण्याआधीच शिफारस लागते, आणि ती राज्यसभेत मांडताच येत नाहीत. राज्यांच्या निर्मितीचंही तसंच. समजा स्वतंत्र विदर्भासाठी विधेयक आणायचं आहे. अनुच्छेद ३ प्रमाणे आधी राष्ट्रपतींची शिफारस हवी आणि महाराष्ट्र विधानमंडळाचं मत मागवलेलं हवं. एवढ्यासाठीच अशा मागण्या सहसा ठरावाच्या रूपाने येतात.

नियम करण्याचे अधिकार सरकारला देणारा खंड असेल तर वैधानिक अधिकार सोपवण्याबाबतचं ज्ञापनही (नियम ७०) जोडा. हे विसरलं की प्रत परत येते.

पुरःस्थापना

पुरःस्थापना म्हणजे विधेयक सभागृहात मांडणं. ही पायरी सोपी आहे. विधेयकांच्या शुक्रवारी अडीच तासांच्या सुरुवातीलाच मांडण्याच्या विधेयकांची यादी पुकारली जाते. सदस्य उभा राहतो, परवानगी मागतो, सभागृह आवाजी मताने ती देतं, विधेयक मांडलं जातं. पुकारा झाला तेव्हा सदस्य नसेल तर विधेयक मांडलं जात नाही आणि पुन्हा यादीत येण्याची वाट पाहावी लागते. यादी भराभर सरकते, म्हणून साडेतीनचं कामकाज असेल तर सव्वातीनला सदस्य आत हवेत.

मांडताना विरोध न करण्याचा संकेत आहे, पण तो अभंग नाही. डिसेंबर २०२२ मध्ये राज्यसभेत समान नागरी कायद्याबाबतच्या खासगी विधेयकाच्या पुरःस्थापनेलाच विरोध झाला, मतविभागणी झाली आणि ६३ विरुद्ध २३ मतांनी परवानगी मिळाली. वादग्रस्त विषय असेल तर पक्षाच्या सदस्यांना आधी सांगून ठेवा.

लोकसभेत घटनादुरुस्तीच्या खासगी विधेयकाला मांडण्याआधी आणखी एक चाळण आहे, ती पुढच्या समितीची. राज्यसभेत अशी समिती नाही.

समिती, वर्ग आणि सोडत

लोकसभेत खासगी सदस्यांची विधेयके व ठराव यांसाठी समिती असते (नियम २९३). तिचे जास्तीत जास्त १५ सदस्य अध्यक्ष नेमतात. घटनादुरुस्ती विधेयकं ती आधी तपासते. मांडल्या गेलेल्या विधेयकांची त्यांचं स्वरूप, निकड आणि महत्त्व पाहून ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन वर्गांत विभागणी करते, आणि चर्चेला किती वेळ द्यावा याची शिफारस करते. समितीचा अहवाल सभागृहाने मान्य केला की तो लागू होतो.

‘अ’ वर्गाला ‘ब’ वर्गाच्या आधी जागा मिळते. तेव्हा विधेयक मांडलं की लगेच समितीसाठी एक पानाचं पत्र तयार करा. विषयावर लोकांची मागणी आहे का, सध्याच्या कायद्यातली उणीव गंभीर आहे का आणि सरकार स्वतः यावर कायदा आणणार आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरं त्यात पुराव्यासह हवीत. न्यायालयाचा निकाल, विधी आयोगाचा अहवाल, एखाद्या प्रश्नाला मंत्र्यांनी दिलेलं ‘असा कोणताही प्रस्ताव विचाराधीन नाही’ हे उत्तर, यांतलं काहीही चालतं. शेवटचं सर्वांत उपयोगी. त्यासाठी आधीच्या अधिवेशनात अतारांकित (लेखी उत्तराचा) प्रश्न विचारून ठेवावा.

मग सोडत. तीत सदस्यांची नावं निघतात आणि प्राधान्यक्रम ठरतो. एकाच सदस्याची अनेक विधेयकं प्रलंबित असतील तर कोणतं घ्यायचं हे वेळेत कळवावं लागतं. इथे चिठ्ठीवर आपला ताबा नाही. पण चिठ्ठी निघाल्यावर ‘याला शिफारसच आलेली नाही’ असं निघू नये, एवढं आपल्या हातात असतं. म्हणून सोडतीच्या तारखेची सूचना बुलेटिनमध्ये आली की प्रत्येक प्रलंबित विधेयकापुढे वर्ग, शिफारस लागते की नाही, आली की नाही, ही तीन घरं भरलेला तक्ता हाताशी ठेवा. सदस्याने मुद्द्याच्या प्रेमापेक्षा या तक्त्याकडे पाहून निवड केलेली बरी.

राज्यसभेत ‘अ’–‘ब’ अशी वर्गवारी नाही, तिथे सोडतीवरच भिस्त असते.

कार्यसूचीतली जागा आणि शेवटची दहा मिनिटं

विचारार्थ विधेयकांच्या क्रमात आधीपासून सुरू असलेली, अर्धवट राहिलेली चर्चा सर्वांत वर येते. दुसऱ्या सभागृहाने संमत करून पाठवलेली किंवा प्रवर समितीकडून (विधेयक तपासायला नेमलेल्या सदस्यांच्या समितीकडून) परतलेली विधेयकं नुसत्या मांडलेल्या विधेयकांच्या वर असतात. नवी विधेयकं सोडतीच्या क्रमाने खाली. सोडतीत पहिला नंबर आला आणि वर एक अर्धवट चर्चा असली, तर त्या दिवशी पाळी येईलच असं नाही.

पण दुसऱ्या क्रमांकाची जागा फुकट समजू नका. समजा पावणेसहाला मंत्र्यांचं उत्तर संपलं, पहिल्या विधेयकाच्या सदस्याने दोन मिनिटांत ते मागे घेतलं, आणि घड्याळात पाच वाजून पन्नास मिनिटं झाली. पीठासीन अधिकारी पुढचं नाव पुकारतात. सदस्य जागेवर असेल तर तो ‘विधेयक विचारात घ्यावे’ असा प्रस्ताव मांडतो, पाच-सात मिनिटं बोलतो, सहा वाजतात आणि त्याचं विधेयक ‘अर्धवट चर्चा झालेलं’ ठरतं. पुढच्या विधेयकांच्या शुक्रवारी ते यादीत वर. सदस्य संध्याकाळचं विमान पकडायला निघून गेला असेल तर हीच दहा मिनिटं तिसऱ्याच्या पदरात पडतात. पहिल्या तीन क्रमांकांत असाल तर शुक्रवारचं परतीचं तिकीट रात्री नऊच्या आधीचं काढूच नका.

कोरमचंही पाहा. अनुच्छेद १०० प्रमाणे सभागृहाच्या एक दशांश सदस्यांची उपस्थिती लागते: लोकसभेत ५५, राज्यसभेत २५. शुक्रवारी दुपारनंतर बाकं ओस पडतात. कुणी कोरमकडे लक्ष वेधलं, घंटा वाजली आणि संख्या भरली नाही तर बैठक तिथेच थांबते. आठवडाभर आधी वेगवेगळ्या पक्षांच्या सात-आठ सदस्यांना फोन करा, त्यांना दोन पानांचं टिपण पोचवा आणि बोलायला राजी करा. ते बोलण्यासाठी थांबतात, आणि थांबल्याने उपस्थितीही टिकते. टिपणात त्या सदस्याच्या राज्यातली आकडेवारी घातली तर तो नक्की बोलतो.

चर्चेनंतर

प्रस्ताव मांडणाऱ्याचं भाषण, सदस्यांची भाषणं, मंत्र्यांचं उत्तर, मग मांडणाऱ्याचा समारोपाचा हक्क. मंत्री बहुतेक वेळा भावना मान्य करतात, सरकार काय करत आहे ते सांगतात आणि विधेयक मागे घेण्याची विनंती करतात. मागे घ्यायलाही सभागृहाची परवानगी लागते. मागे न घेता मताला टाकलं तर बहुधा आवाजी मतदानात पडतं. घटनादुरुस्तीला तर एकूण सदस्यांचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचं दोन तृतीयांश बहुमत हवं, शुक्रवारी संध्याकाळी ते जमणं जवळपास अशक्य.

स्वातंत्र्यानंतर संसदेत फक्त १४ खासगी विधेयकांचे कायदे झाले, शेवटचा १९७० मध्ये. तरी हे काम वाया जात नाही. तिरुची सिवा यांचं तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचं विधेयक २४ एप्रिल २०१५ रोजी राज्यसभेने संमत केलं, लोकसभेत ते पार पडलं नाही, पण सरकारला आपलं विधेयक आणावं लागलं आणि २०१९ मध्ये कायदा झाला (त्यातल्या तरतुदींवर समाजाचे आक्षेप आहेत, तो वेगळा विषय). गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये केंद्रीय विधिमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं, १९१२ च्या मार्चमध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. त्यांची त्यावरची भाषणं आजही शिक्षणहक्काच्या चर्चेत पुढे येतात.

विधेयकाचं आयुष्यही ध्यानात ठेवा. लोकसभा विसर्जित झाली की तिथली सगळी प्रलंबित विधेयकं संपतात. सुप्रिया सुळे यांचं कामाच्या वेळेनंतर फोन-ईमेलपासून मोकळं राहण्याच्या हक्काचं विधेयक २०१८ मध्ये मांडलं गेलं, २०१९ मध्ये लोकसभेबरोबर संपलं, आणि डिसेंबर २०२५ मध्ये नव्याने मांडावं लागलं. राज्यसभेत मांडलेलं आणि लोकसभेकडे न गेलेलं विधेयक विसर्जनाने संपत नाही, पण मांडणारा सदस्य निवृत्त झाला किंवा मंत्री झाला की नोंदवहीतून काढलं जातं. सदस्याची मुदत किती उरली आहे ते पाहूनच त्याची नोटीस द्या.

चर्चा संपली त्याच रात्री मंत्र्यांच्या उत्तराचं कच्चं इतिवृत्त मिळवा. ‘तपासून पाहू’, ‘विचार करू’ अशी वाक्यं खुणा करून बाजूला काढा. ती आश्वासनं म्हणून नोंदली गेली तर सरकारी आश्वासनांबाबतची समिती त्यांचा पाठपुरावा करते आणि मंत्रालयाने ती तीन महिन्यांत पूर्ण करणं अपेक्षित असतं. नोंद झाली आहे का ते आठवड्याभराने सचिवालयात विचारा. झाली नसेल तर नेमकं वाक्य आणि तारीख देऊन समितीला पत्र पाठवा. तीन महिन्यांनी मंत्रालयाकडून काय आलं ते फाइलला लावा, कारण पुढच्या मसुद्याच्या उद्देश व कारणांच्या निवेदनात पहिलं वाक्य त्यावरूनच लिहायचं असतं.